दिव्यांग व्यक्तीचा दात पडला किंवा तुटला तर

तोल गेला की निरोगी माणूस हात पुढे टेकवतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला तेवढा अवधी मिळत नाही, त्याचा चेहराच जमिनीवर आपटतो. वरचे दात पुढे आलेले आणि ओठ नीट मिटत नसतील तर सगळा मार समोरच्या दातांवर बसतो. मिरगीचा रुग्ण उभ्या उभ्या कोसळतो. काही स्वमग्न मुले अस्वस्थ झाली की स्वतःच डोके आपटून घेतात. हात मोडला तर घरातले लगेच दवाखाना गाठतात. दात पडला तर मात्र रक्त थांबेपर्यंतच काळजी केली जाते.

यवतमाळ जिल्ह्यात ही दिरंगाई फार महाग पडते. जिल्ह्याचे १६ तालुके दूरवर पसरलेले आहेत. यवतमाळ शहरातून नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय सुमारे १५० किलोमीटरवर, तर उमरखेड किंवा झरी-जामणीहून यवतमाळच लांब. त्यामुळे दात वाचणार की नाही, हे बहुतेक वेळा घरी, शाळेत किंवा वसतिगृहात पहिल्या अर्ध्या तासात ठरते.

मुळासकट निखळलेला कायमचा दात पुन्हा रुजू शकतो, कारण त्याच्या मुळावर जिवंत पेशींचा पातळ थर असतो. म्हणून दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा. मूळ घासू किंवा पुसू नये. माती लागली असेल तर दुधाने किंवा नळाच्या पाण्याने काही सेकंद धुवून तो जागेवर बसवावा आणि स्वच्छ कापड हलकेच चावायला द्यावे. बसवता येत नसेल तर कपभर थंड दुधात ठेवावा. दूध गावातल्या चहाच्या टपरीवरही मिळते. रुमालात गुंडाळलेला दात सुकतो, पाण्यात ठेवलेल्या दाताच्या पेशी फुगून फुटतात. दात तासभर कोरडा राहिला तर मुळावरच्या बहुतेक पेशी मेलेल्या असतात. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवायचा नसतो, त्याने खालच्या कायमच्या दाताच्या अंकुराला धोका पोचतो.

दिव्यांग व्यक्तीबाबत दात जागेवर बसवण्याच्या नियमाला मुरड घालावी लागते. मिरगीचा झटका येऊन गेल्यावर पूर्ण शुद्ध आली नसेल किंवा गिळायला त्रास होत असेल तर दात तोंडात ठेवूच नये. तो गिळला जाण्याची, श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. गंभीर हृदयविकार असेल किंवा उपचारासाठी भूल द्यावी लागणार असेल तर दात परत न बसवणेही योग्य ठरू शकते. तो निर्णय डॉक्टरांचा. घरच्यांनी दात, जुने केसपेपर आणि चालू औषधे सोबत न्यावीत. तुटलेला तुकडाही जपावा, तो अनेकदा चिकटवता येतो. तुकडा सापडलाच नाही आणि रुग्ण खोकत असेल तर छातीचा एक्स-रे काढून घ्यावा.

झटक्यात दातखीळ बसली की चमचा घालून तोंड उघडायची धडपड अजूनही होते. ती ताबडतोब थांबायला हवी. तिने झटका थांबत नाही, दात मात्र तुटतात. रुग्णाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात आणि झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला तर १०८ ला फोन करावा.

दात गेलाच तर पुढचा प्रश्न कृत्रिम दाताचा. इथे दिसण्याआधी सुरक्षितता पाहावी. मिरगी नियंत्रणात नसेल तर काढता-घालता येणारी छोटी कवळी धोक्याची: ती झटक्यात मोडते, तुकडा घशात जाऊ शकतो आणि साध्या ॲक्रिलिकचा तुकडा एक्स-रेत दिसतही नाही. अशा रुग्णाला शेजारच्या दातांना चिकटवलेला पक्का ब्रिज बरा. कवळीच हवी असेल तर धातूच्या आधाराची. वाढीच्या वयात इम्प्लांट बसवत नाहीत, कारण जबडा वाढतो आणि इम्प्लांट जागीच राहते. तोवर जागा राखणारे तात्पुरते दात देतात. डाऊन सिंड्रोममध्ये हिरड्यांचे विकार लवकर बळावतात, म्हणून ब्रिजला आधार देणारे दात टिकतील का हे आधी तपासावे लागते. फेनिटॉइनसारख्या मिरगीच्या औषधाने हिरड्या फुगतात, तेव्हा कवळीची बैठकही बदलते.

कोणताही कृत्रिम दात रोज स्वच्छ कोण करणार, हे विचारल्याशिवाय तो ठरवू नये. बहुतेक घरांत ते काम आईकडे येते. तिला दवाखान्यातच कवळी काढून, धुवून, पुन्हा बसवून दाखवावी. रात्री ती काढून पाण्यात ठेवायची, हेही सांगावे. घरात कोलामी, गोंडी किंवा बंजारा बोली असेल तर त्याच बोलीत कोणीतरी समजावणे अधिक उपयोगी.

खुर्चीवर बसायलाच घाबरणाऱ्या मुलाला आधी आरसा हातात द्यावा, नुसते दात मोजावेत, यंत्राचा आवाज दुरून ऐकवावा. अशा दोन-तीन भेटींनी बरीच मुले रुळतात. ज्यांना भूल द्यावीच लागते, त्यांची सगळी कामे एकाच वेळी उरकावीत. त्यासाठी भूलतज्ज्ञांची सोय असलेले रुग्णालय लागते, म्हणून यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा नागपूर गाठण्याआधी दंतविभागात फोन करून दिवस ठरवावा. खर्चाचे म्हणाल तर स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगता असलेल्यांसाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. तिच्या बाह्यरुग्ण उपचारांत दातांची प्रतिबंधक काळजीही येते.