एडिटर अपडेट केला आणि लॅबचं एक्स्टेन्शन बसलं

आमच्या बारामती एमआयडीसीतल्या खोलीवर एक लॅपटॉप आहे. त्यावरचं व्हीएस कोडचं ऑटो अपडेट कित्येक वर्षं बंद होतं. एक नवीन एक्स्टेन्शन जुन्या आवृत्तीवर इन्स्टॉल होईना, म्हणून मी ते चालू केलं. दुसऱ्या दिवशी आमचं स्वतःचं एक्स्टेन्शन बंद! ते एका सीनियरने २०२० मध्ये लिहिलेलं. उसाच्या प्लॉटमधला मातीच्या ओलाव्याचा लॉगर यूएसबीला जोडायचा, कमांड द्यायची, की रीडिंग फाइलमध्ये उतरतात. सीनियर आता नोकरीत. पीएचडीला आलात की असं कुणाचं तरी जुनं एक्स्टेन्शन तुमच्याही गळ्यात पडेल, म्हणून सांगतो.

मी आधी पॅकेज.जेसनमधला 'इंजिन्स'चा आकडा वाढवला. उपयोग शून्य. तिथे '^१.५०.०' असेल तर त्याचा अर्थ '१.५० किंवा त्यापुढची १.x आवृत्ती'. म्हणजे ती किमान अट आहे. नव्या एडिटरला जुना आकडा चालतो. आकडा वाढवायचा तो नव्या आवृत्तीतली एखादी सोय कोडमध्ये वापरली तरच. आणि टाइप्स-व्हीएसकोड हे पॅकेज इंजिन्सपेक्षा पुढच्या आवृत्तीचं ठेवलंत, तर व्हीएससीई पॅकेज बनवायलाच नकार देतं.

खरं कारण हेल्प मेनूतल्या डेव्हलपर टूल्समध्ये लाल अक्षरांत होतं. व्हीएस कोड इलेक्ट्रॉनवर चालतो (फिजिक्सवाल्यांनो, तो इलेक्ट्रॉन नव्हे) आणि इलेक्ट्रॉनच्या पोटात नोड असतो. आमची सिरियलपोर्ट लायब्ररी अर्धी सी-प्लस-प्लसमध्ये, आणि तो भाग जुन्या इलेक्ट्रॉनसाठी कंपाइल केलेला. नव्या इलेक्ट्रॉनचा मोड्यूल क्रमांक वेगळा, म्हणून ती लोडच होईना. सिरियलपोर्टची आवृत्ती १० नोड-एपीआय वापरते, त्यामुळे दर अपडेटला पुन्हा कंपाइल करावं लागत नाही. पण तिच्यात पोर्ट उघडायची पद्धत बदलली आहे, आणि रीडलाइनचं नावही आता रीडलाइन-पार्सर झालंय. दोन्ही बदलले, एफ५ दाबून टेस्ट केलं. चाललं! चहा प्यायलो.

संध्याकाळी लॉगरमधल्या जुन्याच दिवसाची रीडिंग नव्या कोडने परत उतरवली आणि २०२० च्या कोडने काढलेल्या फाइलशी ताडून पाहिली. दर १० मिनिटांनी एक, म्हणजे दिवसाची १४४ रीडिंग. जुनी सरासरी २४ टक्के, नवी उणे ४५.६. मातीत उणे ओलावा!

झालं असं की, जुन्या कोडमध्ये ओळीचा शेवट 'कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइन' असा दिला होता. नवीन ओळ लिहिताना मी तो गाळला. मग पार्सर फक्त न्यूलाइनवर तोडतो आणि कॅरेज रिटर्न शेवटच्या आकड्याला चिकटून राहतो. आमचा लॉगर रीडिंग चुकलं की -९९९९ लिहितो. चिकटलेल्या अक्षरामुळे तो ओळखूच आला नाही, पण सरासरी काढताना मात्र आकडा म्हणून बिनबोभाट मोजला गेला. एका ओळीने अख्खा दिवस घालवला.

ही चूक निदान डोळ्यांत भरली. इंदापूरच्या शेतातला दुसरा लॉगर चुकलेल्या रीडिंगला ० लिहितो. तिथे २४ च्या जागी २३.८ आलं असतं आणि मी ते थेट ग्राफवर टाकलं असतं. त्याच दुपारी, चहानंतर, त्याच्या दोन दिवसांच्या फाइल्स मी नव्या कोडने उतरवून घेतल्या होत्या. आता लॉगर परत जोडून त्या पुन्हा उतरवतोय.