गोधडीचे कापड ठरवते टंचाई

अमेरिकन यादवी युद्धाच्या (१८६१–६५) काळातली वाटेल अशी गोधडी शिवायची म्हटले की बहुतेकांचा हात आधी झेंड्याच्या लाल-पांढऱ्या-निळ्या कापडाकडे जातो. माझ्या मते विचार टंचाईपासून सुरू व्हायला हवा. जून १८६१ मध्ये उत्तरेत स्थापन झालेल्या सॅनिटरी कमिशनने सैनिकांसाठी घरोघरच्या बायकांकडून गोधड्या मागवल्या. माप साधारण सात फूट बाय चार फूट, म्हणजे छावणीतल्या अरुंद खाटेपुरते. नेमका तेव्हाच दक्षिणेचा कापूस नाकेबंदीत अडकला आणि सुती कापड महागले. (लँकेशायरच्या गिरण्या आपल्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसाकडे वळल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला, तो याच टंचाईमुळे.) अशा दिवसांत इस्पितळातली गोधडी जुने झगे, सदरे आणि उरलेसुरले तुकडे यांतूनच निघणार. म्हणून १८६३ सालच्या गोधडीत १८४० च्या दशकातले नमुने खुशाल घ्यावेत; १८७० नंतरचे मात्र टाळावेत.

यावर कुणी म्हणेल, झेंड्याच्या गोधड्याही होत्याच की! होत्या. ‘पीटरसन्स मॅगझिन’ने जुलै १८६१ मध्ये तारे-पट्ट्यांच्या गोधडीचा नमुनाच छापला होता. पण ती हौसेने, रंग जुळवून करायची वस्तू होती. खाटेवरच्या गोधडीला असेल ते कापड चाले, आणि ते बहुधा मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांत रंगवलेले विटकरी, चॉकलेटी, तपकिरी किंवा निळीतले असे; त्यावर बारीक फुले, ठिपके, नाहीतर सदऱ्याच्या रेघा.

मग खरे जुने कापडच का वापरू नये? कारण त्यातले गडद तपकिरी रंग लोखंडाच्या क्षारांनी पक्के केलेले असत आणि लोखंड सूत खाते. त्या काळच्या गोधड्यांत शेजारची फुले शाबूत असतात आणि तपकिरी तुकड्याच्या जागी नुसते आतले अस्तर दिसते. शिवाय जे थोडे उरले आहे, त्याला कात्री लावणे मला पटत नाही. नवेच सुती कापड घ्यावे, आधी धुऊन आटवावे. आत सुती किंवा लोकरी पातळ थर घालावा. पॉलिएस्टरने गोधडी फुगते आणि त्या काळाची वाटत नाही. शिवणयंत्राला हरकत नाही, हॉवेचे पेटंट १८४६ चे आहे. काही पांढरे चौकोन घट्ट विणीचे ठेवावेत, कारण बायका त्यांवर शाईने नावे लिहीत. फक्त ती जुनी शाई वापरू नये. तिच्यातही लोखंडच असते.