पान दिसते, पण सापडत नाही

काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच मित्रांनी शाळेत करता येण्याजोग्या प्रयोगांची टिपणे एका संकेतस्थळावर ठेवली. आमच्या ओळखीचे शिक्षक सोडले तर तिकडे कोणी फिरकेना. मांडणी आकर्षक नसावी, असे वाटून आम्ही रंग बदलले, हलणारी चित्रे घातली. फरक शून्य! गूगलवर ‘पाणी पृष्ठताण प्रयोग’ असे शोधले तर इतरांची पाने येत, आमचे नाही.

शोधयंत्र काय करते ते आधी पाहू. आपण शब्द टाकल्यावर ते जगभर शोधायला धावत नाही. त्याने पाने आधीच वाचून एक सूची करून ठेवलेली असते. पुस्तकाच्या शेवटी असते तशीच. ‘पाणी’ हा शब्द कोणकोणत्या पानांवर आहे, हे तिच्यात नोंदलेले असते. म्हणजे पान माणसाला आवडण्याआधी यंत्राला वाचता यायला हवे. आमचे पान तिथेच अडले होते.

संगणकाच्या दृष्टीने अक्षर म्हणजे एक क्रमांक. रोमन लिपीतील लहान ‘के’चा क्रमांक १०७. आमची टिपणे १९९०च्या दशकात टंकलिखित केलेली होती. त्या काळच्या बहुतेक मराठी फाँटमध्ये एक युक्ती असे. क्रमांक रोमन अक्षराचाच ठेवायचा, पण त्या जागी आकृती मात्र देवनागरी काढायची. कागदावर छापण्यापुरते हे झकास चाले. पण यंत्र आकृती पाहत नाही, क्रमांक वाचते. आमच्या पानावर त्याला मराठी दिसतच नव्हते. दिसत होती ती रोमन अक्षरांची अर्थहीन रांग. ज्याच्या संगणकावर तो फाँट नसे, त्या वाचकालाही तेच दिसे.

युनिकोडने हा घोळ संपवला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ची. त्यात देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ हे १२८ क्रमांक राखून ठेवले आहेत. ‘पाणी’ हा शब्द आता कोणत्याही फाँटमध्ये २३४६, २३६६, २३३९, २३६८ असाच साठवला जातो (प, काना, ण, दीर्घ वेलांटी). फाँट बदलला तर वळण बदलते, क्रमांक बदलत नाहीत. मोबाइलवर आपण मराठी लिहितो ते युनिकोडच असते.

काही टिपणे आम्ही सरळ स्कॅन करून चित्ररूपात टाकली होती. ही चूक आजही सर्रास दिसते. शाळेची सूचना, निकाल, सगळे फोटोत! आता यंत्रे चित्रातील अक्षरेही बऱ्यापैकी ओळखू लागली आहेत, पण त्यावर विसंबू नये. शिवाय वजनाचा हिशेब करून पाहा. २००० अक्षरांचा मजकूर साठवायला, दर अक्षरी ३ बाइट धरून, सुमारे ६ हजार बाइट लागतात. तोच ए-फोर कागद इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात स्कॅन केला तर ठिपके होतात सुमारे ८७ लाख. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट, म्हणजे २ कोटी ६० लाख बाइट. दाबून लहान केले तरी बहुधा काही लाख उरतातच. खेड्यात, मंद जोडणीवर पान उघडणारा तोवर थांबेल कशाला?

आपल्या शाळेच्या पानाची तपासणी सोपी आहे. संगणकावर ते पान उघडून कंट्रोल आणि एफ ही बटणे एकत्र दाबा आणि डोळ्यांना समोर दिसणारा एखादा मराठी शब्द टाईप करा. तो सापडला नाही, तर शोधयंत्राचीही पंचाईत होणार असे समजावे.

मराठीची एक खास गंमत राहिलीच. ‘दुसऱ्या’ मधील ऱ्या दोन प्रकारे साठवता येतो. एकात नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. दिसायला दोन्ही सारखे, पण साध्या शोध-आज्ञावलीला ते दोन वेगळे शब्द वाटतात. म्हणून एका संकेतस्थळावर एकच पद्धत ठेवावी.

यंत्राने वाचलेल्या पानांतून वर कोणते दाखवायचे, हा पुढचा प्रश्न. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८मध्ये मांडलेल्या पद्धतीत, इतर पाने, त्यातही वजनदार पाने, एखाद्या पानाकडे किती बोट दाखवतात याला महत्त्व होते. आज त्यात इतरही अनेक निकष मिसळले आहेत. पण आम्ही तिथवर पोचलोच नव्हतो. टिपणे युनिकोडमध्ये आणण्यात दोन सुट्ट्या गेल्या. जोडाक्षरे तर एकेक तपासावी लागली. हलणारी चित्रे मात्र लगेच काढून टाकली.