पर्लचे दिवस

मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसातल्या पर्ल या संगणकभाषेतल्या उरल्यासुरल्या स्क्रिप्ट पायथनमध्ये गेल्या. काम एआयनेच केलं. शेजारच्या टेबलावरचा मुलगा जुना कोड बघून म्हणाला, “सर, ह्या भाषेला व्याकरण तरी होतं का?”

झोंबलं. कारण ती भाषा बनवणारा लॅरी वॉल भाषाशास्त्र शिकलेला होता. लिपी नसलेली एखादी बोली शोधून तिला लिपी द्यायची, हा त्याचा आणि त्याच्या बायकोचा बेत होता, तब्येतीमुळे राहिला.

संगणकभाषांच्या व्याकरणाचा पर्लआधीचा इतिहास मी भरभर उलटतो. चॉम्स्कीची 1956 ची व्याकरणांची उतरंड, अल्गोल 60 या भाषेची नियमावली, ती ज्या पद्धतीत लिहिली होती तिला पाणिनीचं नाव द्या म्हणणारं इंगरमन यांचं 1967 चं पत्र (आपल्याकडे भाषणांत हमखास येतं). या मंडळींना वाक्य नियमात बसतं की नाही, एवढंच बघायचं होतं. बोलणारा माणूस त्यात नव्हताच.

पर्ल 1987 ची, पण आम्ही भेटलो ते 1994 मध्ये पर्ल 5 आल्यानंतर. पुढची दहाएक वर्षं मी तिच्यातच विचार केला. आपण ‘चहा केला, गाळला, दिला’ म्हणतो, दर क्रियापदाला चहा लावत नाही. पर्लमध्येही ‘$_’ हे सर्वनाम होतं, आणि बऱ्याचदा तेही गाळता यायचं. नावाआधीचं ‘$’ म्हणजे एक वस्तू, ‘@’ म्हणजे अनेक, जणू एकवचन-अनेकवचन. तीच यादी एके ठिकाणी आपले घटक द्यायची, आकडा अपेक्षित असेल तिथे नुसती संख्या. अर्थ संदर्भाने ठरायचा. अट वाक्याच्या शेवटी टाकता यायची, बोलताना सुचते तशी. नवशिक्याने मोडकंतोडकं बोललं तरी चालेल, हे वॉलचं म्हणणं मला आजही पटतं.

पायथनवाले म्हणायचे, करण्याची उघड पद्धत एकच असावी. शिस्त म्हणून ठीक. पण शैली नावाची गोष्ट त्यांनी गुन्ह्यात जमा केली. आमचा कोड वाचवत नाही ही त्यांची तक्रार मात्र खोटी नव्हती. काही लोक एका ओळीत अख्खा प्रोग्राम कोंबून मिरवायचे.

खरा घात घरच्यांनी केला. 2000 मध्ये पर्ल 6 जाहीर झाली आणि वापरण्याजोगी व्हायला 2015 उजाडलं. व्याकरण लिहिण्याची सोय भाषेतच आणणारी देखणी गोष्ट, पण तोवर वऱ्हाड पांगलं होतं. 2019 मध्ये तिचं नावही बदलून ‘राकू’ झालं.

आणि आता ज्यांना ‘$_’ संदिग्ध वाटायचं, तीच माणसं दिवसभर यंत्राला सांगत असतात, “ते जरा नीट कर ना.” कुठलं ते, हे यंत्राने ओळखायचं.