इंग्रजीच्या तासाला हवे नेमके ध्येय

राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्यापूर्वी हा विषय पाचवीत सुरू होत असे. तरीही पवन मावळ वा नाणे मावळातील अनेक मुलांच्या कानांवर इंग्रजी पडते ते आजही प्रामुख्याने वर्गातच. म्हणूनच त्या एका तासाचे मोल मोठे आहे.

‘इंग्रजी सुधारायचे’ ही इच्छा झाली. ध्येय मोजता यायला हवे. उदाहरणार्थ, दिवाळीपर्यंत लोहगडाची माहिती दहा वाक्यांत न अडखळता सांगणे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक. त्यासाठी माहिती वाचावी लागते, वाक्ये लिहावी लागतात, सोबत्याला सांगावी आणि त्याची ऐकावीही लागतात. चारही भाषिक कौशल्ये त्यातच येतात.

सवयीही साध्याच आहेत. पाठ तासापूर्वी एकदा वाचावा. नवा शब्द सुटा पाठ न करता वाक्यासह वहीत उतरवावा. दुसऱ्या दिवशी व पुन्हा आठवड्याने त्याची उजळणी करावी. अंतराने केलेली उजळणी अधिक काळ स्मरणात राहते. चूक खोडून न टाकता शेजारी शुद्ध वाक्य लिहावे. गाइडमधील उत्तरे उतरवल्याने वही भरते, भाषा येत नाही.

रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचन व्हावे. पालकांना इंग्रजी येत नसले, तरी ते ऐकायला बसणे त्यांना शक्य आहे. खासगी शिकवणी न परवडणाऱ्या घरांत हाच मोठा आधार ठरतो.