मायकोरायझा

मायकोरायझा (कवकमूल) म्हणजे वनस्पतीचे मूळ आणि जमिनीतील कवक (बुरशी) यांचे परस्परांना उपकारक असे सहजीवन होय. ‘कवक’ आणि ‘मूळ’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ही संज्ञा बनली असून जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक यांनी ती १८८५ मध्ये प्रथम वापरली. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथे सापडलेल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही असे कवक आढळतात. त्या वनस्पतींना खरी मुळे नव्हती. यावरून या सहजीवनाची प्राचीनता लक्षात येते.

स्वरूप

ज्वारी, बाजरी, मका, गहू, कापूस, तूर, हरभरा, कांदा अशा बहुतेक पिकांत आर्बस्क्युलर प्रकारचा मायकोरायझा आढळतो. यातील कवकतंतू मुळाच्या आतील पेशींत शिरून झुडपासारख्या सूक्ष्म शाखा निर्माण करतात. त्यांना आर्बस्क्यूल म्हणतात. अन्नद्रव्यांची देवाणघेवाण येथेच होते. वनस्पती प्रकाशसंश्लेषणातून तयार झालेली शर्करा व मेदद्रव्ये कवकाला पुरविते. कवक तिला मुख्यतः स्फुरद आणि त्याबरोबर जस्तासारखी सूक्ष्म अन्नद्रव्ये देते.

स्फुरद जमिनीत फारसा हलत नाही. मुळाने तो शोषला की मुळालगतचा काही मिलिमीटरांचा थर रिता होतो व पलीकडचा स्फुरद मुळाला मिळत नाही. कवकतंतू हा रिता थर ओलांडून काही सेंटिमीटर दूरवर पसरतात. मूलरोमांहूनही बारीक असल्याने ते मातीच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतात.

सहजीवनाची सुरुवात

स्फुरदाची उणीव भासल्यास मुळे स्ट्रायगोलॅक्टोन नावाची संयुगे स्रवतात. त्यांमुळे कवकतंतूंची वाढ होऊन त्यांना फाटे फुटतात. ज्वारीवरील टारफुला या परोपजीवी तणाचे बीजही याच संयुगांमुळे रुजते. स्फुरद मुबलक असल्यास हा स्राव कमी होतो. म्हणूनच स्फुरदयुक्त खतांच्या अतिवापराने मुळांतील मायकोरायझाचे प्रमाण घटते.

शेतीतील महत्त्व

हे कवक जिवंत मुळांवाचून आपले जीवनचक्र पूर्ण करू शकत नाहीत. याचा प्रत्यय ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या काळ्या चिकण जमिनींत आला. तेथे शेत दीर्घकाळ पडीक ठेवल्यावर घेतलेल्या पिकांत, जमिनीत पुरेसा ओलावा असूनही, वाढ खुंटणे व स्फुरद आणि जस्ताच्या कमतरतेची लक्षणे दिसत. पडीक काळात मायकोरायझा कवक घटत असल्याचे संशोधनातून दिसून आले.

कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी तसेच पालक व बीट या पिकांच्या मुळांत हे सहजीवन सहसा होत नाही. त्यामुळे त्यांच्यानंतरच्या पिकाला जमिनीत कमी कवक मिळू शकते. खोल व वारंवार नांगरणीने कवकतंतूंचे जाळे तुटते. उलट, पिकांची फेरपालट व आच्छादन पिके यांमुळे ते टिकून राहते.

मर्यादा

मायकोरायझायुक्त जैविक खते बाजारात मिळतात. मात्र जमिनीत कवक आधीच पुरेसे असल्यास किंवा स्फुरद भरपूर असल्यास त्यांचा फारसा लाभ होत नाही. शिवाय मायकोरायझा नवा स्फुरद निर्माण करीत नाही. जमिनीत असलेला स्फुरद पिकाच्या आवाक्यात आणतो. पिकाबरोबर शेताबाहेर जाणाऱ्या स्फुरदाची भरपाई त्यामुळे खतांनी करावीच लागते.