विचारणं आणि कळवणं

आज एकच प्रश्न घेऊ. लोकांना ‘विचारलं’ असं आपण केव्हा म्हणू शकतो?

उदाहरण अमेरिकेतल्या फीनिक्स शहराचं. सप्टेंबर २०१४ मध्ये तिथल्या विमानतळावरून उडणाऱ्या विमानांचे मार्ग बदलले. पूर्वी विमानं आकाशात थोडी इकडेतिकडे पसरून जायची. उपग्रहाच्या आधारानं जवळपास सगळी एकाच रेषेवरून जाऊ लागली. यात इंधन वाचतं, वेळ वाचतो. पण त्या रेषेखाली ज्याचं घर, त्याच्या डोक्यावर दिवसभर विमानं! फीनिक्समध्ये ही रेषा ऐतिहासिक म्हणून जपलेल्या जुन्या वस्त्यांवरून गेली.

मग सल्लामसलत झालीच नव्हती का? झाली होती, पण ती शहराच्या काही कनिष्ठ कर्मचाऱ्यांशी. रहिवाशांना कळलं ते आवाज सुरू झाल्यावर. शहर आणि रहिवासी कोर्टात गेले. दाद मागायची साठ दिवसांची मुदत केव्हाच संपली होती. पण विमान वाहतूक प्रशासन ‘आम्ही बघतो’ म्हणत राहिलं, म्हणून लोक थांबले, हे कोर्टानं मान्य केलं. ऑगस्ट २०१७ मध्ये निकाल लागला : प्रशासनाचा निर्णय मनमानी.

आता तुम्ही म्हणाल, सर, हा तर तज्ज्ञांचा विषय. सामान्य माणसाला त्यातलं काय कळतं? बरोबर आहे. विमान सुरक्षित कसं न्यायचं, हे तज्ज्ञच सांगणार. पण आवाज थोड्यांनी खूप सोसायचा की खूप जणांनी थोडा थोडा, हा प्रश्न विमानविद्येचा नाही, न्यायाचा आहे. लंडनच्या हीथ्रोवर विमानं पश्चिमेकडे तोंड करून उतरत असली, की दुपारी तीनला धावपट्टी बदलतात; म्हणजे प्रत्येक वस्तीला अर्धा दिवस तरी उसंत. ही वाटणी गणितातून निघत नाही, ती ठरवावी लागते.

इंग्लंडमध्ये १९८५ साली शाळा बंद करण्याच्या एका खटल्यात सल्लामसलतीच्या चार कसोट्या पुढे आल्या. प्रस्ताव अजून घडत असतानाच विचारा. कारणं पुरेशी सांगा. उत्तराला वेळ द्या. आणि आलेल्या उत्तरांचा मनापासून विचार करा. पुढे तिथल्या कोर्टांनी त्या इतर क्षेत्रांतही लावल्या.

माझ्या मते पहिली कसोटी सगळ्यांत महत्त्वाची. लग्न ठरल्यावर मुलीला ‘पसंत आहे ना?’ असं विचारायचे, तो प्रश्न नव्हताच. निर्णय बदलू शकत असेल, तरच ते विचारणं. नाहीतर ते नुसतं कळवणं.